करपलेल्या मेथ्यांची कढी

त्या दिवशी घड्याळजींनी दुपारीच आपलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, नीट भांग पाडला आणि मॉल गाठला. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "बाबा, आईनं तिथं पंजाबी जेवणाचा स्टॉल टाकलाय. तुम्ही उगाच जाऊ नका हं." पण हे ऐकतील तर शपथ! बायको घर सोडून गेली त्याला आठ महिने झाले होते आणि तिला परत आणायचंच, असं यांनी ठरवलं होतं.

भांडण कशावरून? सांगितलं तर हसाल. कढीवरून. बायको पंजाबी घरातली. लग्नानंतर पहिल्यांदा पकोड्यांची कढी केली, तेव्हा फोडणीतल्या मेथ्या पार काळ्या झाल्या. बिचारी रडकुंडीला आली. नवरोबा म्हणाले, "अगं, मला अशीच आवडते!" झालं! पुढची तीस वर्षं ती यांच्या वाटीपुरत्या मेथ्या मुद्दाम करपवत राहिली आणि हे निमूट गिळत राहिले. मग एकदा, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, बोलून गेले, "तीस वर्षं ही जळकी कढी खातोय मी!" जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय उगाच? पाहुणे पोट धरून हसले.

ते गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मग आजवर जे जे आवडलं म्हणालात, त्यातलं खरं काय होतं?" आणि बॅग भरून ती निघून गेली. केसाएवढा स्क्रू हातात धरणारा माणूस, पण बायको नाही धरता आली.

स्टॉल खेळण्यांच्या दुकानाशेजारी होता. गल्ल्यावर एक मुलगी, मागच्या भिंतीत ताटं सरकवायची खिडकी. खिडकीत फक्त हात दिसत होते. मनगटावरचा भाजल्याचा डाग घड्याळजींनी लगेच ओळखला.

त्यांनी कढीभात घेतला. मेथ्या सोनेरी, आंबटपणा बेताचा. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई तर बोटं चाटत होत्या. पण यांनी दोन घासांतच ताट बाजूला सारलं. तीस वर्षं नकोशी वाटलेली ती कडू चव त्यांना हवी होती. जगात कुणीतरी फक्त आपल्यासाठी म्हणून वेगळी फोडणी करत होतं, हे आत्ता, या वयात, त्यांना कळलं. रडूच आलं त्यांना.

ते उठून गल्ल्यापाशी गेले. "पोरी, आत सांग, एका गिऱ्हाइकाला मेथ्या करपवून हव्यात."

"काका, करपलं म्हणून लोक ताट परत पाठवतात हो!"

"तू सांग तर. खरंच आवडतात म्हणावं."

मुलगी खिडकीशी जाऊन बोलली. आतले हात थांबले. मग फोडणी चरचरली आणि थोड्या वेळानं जळका वास आला. घड्याळजींच्या जिवात जीव आला.

वाटी आली. वर काळ्याकुट्ट मेथ्या.

"त्या म्हणाल्या, नाही आवडली तर तसं सांगा," मुलगी म्हणाली. "इथं खोटं बोलायची गरज नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही."

घड्याळजींनी उभ्यानंच वाटी संपवली, बोटानं पुसून चाटली.

"आवडली गं," ते खिडकीकडे बघून म्हणाले. "आईशप्पथ आवडली."

हात क्षणभर खिडकीच्या कडेवर टेकले.

"पुढचं ताट कुणाचं?" आतून ओळखीचा आवाज आला.