व्हर्जिलचा हुकलेला बेस

आमच्या गावात अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, "ओटिस, सख्ख्या मित्राचा होम रन खाल्लास, लाज नाही वाटली?" नाही वाटली. चेंडू कुंपणापलीकडे गेला म्हणजे सगळं झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी घरी बसून शेंगा सोलाव्यात. बेसबॉलमध्ये चेंडू पलीकडे गेला तरी चारही बेसला, म्हणजे कोपऱ्यांतल्या चार गाद्यांना, पाय लावून घरच्या बेसवर यावं लागतं. एकाला जरी पाय लागला नाही आणि समोरच्यांनी पुढचा चेंडू पडायच्या आत हटकलं, तर माणूस बाद. अंपायरने डोळ्यांनी पाहिलं असलं तरी विचारल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. पहिल्या बेसवर मी उभा होतो. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं आणि मी बेसकडे, कारण त्याचाच मला पगार मिळायचा.

व्हर्जिल हॅस्केट पलीकडच्या गिरणीगावाचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. आधी आम्ही एकाच संघात होतो, एका खोलीत राहिलो, त्याच्या लग्नात मी शेजारी उभा होतो. पुढे मला या गावच्या संघाने घेतलं. त्या दिवशी शेवटचा डाव, दोन्हीकडे तीन-तीन, त्यांचे दोघे बाद आणि व्हर्जिलने तो फटका मारला. चाळिशीला टेकलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, पण हसत हसत धावत आला. त्याचा पाय बेसच्या अलीकडे वीतभर मातीत पडला. तो तसाच पुढे गेला.

मी मुकाट्याने चेंडू टाकणाऱ्या आमच्या पिचरकडून चेंडू मागून घेतला, बेसवर पाय ठेवला आणि टॅकेटला म्हणालो, "याने शिवला नाही." टॅकेट आमचा एकुलता एक अंपायर. त्याने व्हर्जिलकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि मूठ वर केली. बाद. होम रन गेला, आणि तिघे बाद म्हणून त्यांची फलंदाजीही संपली.

व्हर्जिल तरातरा आला. "बारा वर्षं खेळतोय मी. मी बेस विसरेन?"

"विसरला नाहीस. हुकलास."

"हे बघ, इथे. इथे ठेवला होता पाय." आणि त्याने आपटून पाय ठेवला. तो मातीत पडला, बेसच्या शेजारी.

त्याला वाटलं, पायाखाली बेस आहे. मग बुटाच्या खिळ्यांना माती लागली आणि त्याचा चेहराच उतरला. मी त्याच्या डाव्या डोळ्यासमोर हळूच बोटं हलवली. पापणीसुद्धा लवली नाही.

"कधीपासून रे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. उजव्याने भागतं." आवाज इतका खाली की टॅकेटलाही ऐकू गेला नसेल. "बोलू नकोस, ओटिस. कॅचिंग सोडून मला दुसरं काय येतं? गिरणीत उभं राहायला गुडघे नाहीत. तुला मेरी जोची शपथ."

मेरी जो म्हणजे त्याची बायको. तो गेला, पायांवर पॅड बांधले, तोंडावर जाळी चढवली आणि घराच्या बेसमागे उकिडवा बसला. आता आमची फलंदाजी, आणि पहिला मीच.

त्यांचा पिचर रूडी डोळे मिटूनच टाकतो असं लोक म्हणायचे, इतका वेग. माझी बॅट चेंडूला नुसती घासली असती, तर तो दिशा बदलून थेट मागे बसलेल्या व्हर्जिलच्या गळ्याखाली गेला असता. जाळी तिथे पोचत नाही. तो झेलायला दोन डोळे लागतात.

पहिला चेंडू मधोमध आला. मी हललो नाही. टॅकेट ओरडला, "स्ट्राइक."

"बॅट खांद्यावर वाळत घातलीस काय?" मागून व्हर्जिल.

"आवडला नाही चेंडू."

"सासरहून आलाय होय, आवडायला?"

दुसराही तसाच. मी तसाच उभा. दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला मी बाद. बाकावरून आमचे मॅनेजर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"ओटिस," व्हर्जिल म्हणाला, "माझ्यासाठी उभा राहिलायस ना?"

मी पाय सारखे करत राहिलो.

"माझा होम रन खाल्लास, तो नियमाने खाल्लास. त्याचा राग नाही मला. पण माझ्यासमोर कुणी खोटं खेळायचं नाही."

मग जाळी काढून तो उठला. त्या गुडघ्यांना उठायला वेळ लागायचा. "टॅकेट, खेळ थांबवा. दुसरा कॅचर घ्या. मला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

टॅकेट गोंधळला. "व्हर्जिल, एकदा बाहेर गेलास की परत आत येता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"मला नियम शिकवताय?"

हे सगळं त्याने रूडीला, दोन्ही बाकांना, पायऱ्यांवरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं. मेरी जो तिथेच बसली होती. ती उभी राहिली आणि परत बसली. तो बाकाकडे चालत गेला, आणि कुणाला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

नवा कॅचर बसला. कॅचर बदलला म्हणून माझे दोन स्ट्राइक माफ होत नव्हते. रूडीने टाकला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी बॅट फिरवली आणि चेंडू हुकला. तिसरा स्ट्राइक. बाद.

परतताना मी मुद्दाम त्यांच्या बाकावरून गेलो. उजवा डोळा माझ्यावर आणायला त्याने मान पुरती वळवली होती.

"हुकलास, पण हा खरा खेळलास," तो म्हणाला.

मी तिथेच रडलो, सगळ्यांदेखत. त्याने सरकून मला शेजारी जागा दिली. मी दुसऱ्या संघाचा आहे, हे आमच्या मॅनेजरना मला दोनदा ओरडून सांगावं लागलं.