चाळिसाव्याची कॅसेट

अमीरबीचा गळा लातुरात घरोघरी ठाऊक होता, पण तिचं तोंड फार थोड्या पुरुषांनी पाहिलं होतं. लग्नघरी मेंदीच्या दिवशी बायका गोल करून बसायच्या आणि मध्ये असायच्या अमीरबी आणि तिची धाकटी बहीण जैतुन. अमीरबी गायची, जैतुन ढोलक वाजवायची. नवरदेवाच्या नाकाची टिंगल, विहिणीच्या चालण्याची टिंगल, सासूच्या पानदानाची टिंगल. गाणी दखनीत असायची आणि बहुतेक अमीरबीनंच जुळवलेली. भाकरी थापताना ओळ सुचली की ती हाक मारायची, "जैतुन, ऐक गं." जैतुन हातातल्या परातीवरच ठेका धरायची.

अमीरबीचा नवरा खाजा याचं गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. बायकोच्या गाण्याचा त्याला भारी अभिमान. त्यानंच कुठून तरी हैदराबादच्या एका कॅसेट कंपनीच्या माणसाला घरी आणलं. तो माणूस बैठकीत बसला, अमीरबी पडद्याआड. तो म्हणाला, गळा चांगला आहे, पण चाली सिनेमाच्या पाहिजेत आणि कॅसेटवर बाईंचा फोटो पाहिजे.

"आणि गाणी कुणाची?" खाजानं विचारलं.

"गाणी कंपनीची. मग ती दुसरीकडं कुठं गायची नाहीत."

"लग्नात बी न्हाई?" पडद्यामागून अमीरबीनं विचारलं.

तो हसला. "लग्नात बी नाही."

"त्यांना म्हणावं, चहा पिऊन जा," अमीरबी म्हणाली. विषय संपला.

खाजाला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी उठून म्हणाला, "कंपनी कशाला पायजे, अमीर? टेप माझ्याकडं हायच की."

मग त्यांनी घरातल्या सगळ्या गाद्या खिडक्यादारांना टेकवल्या आणि फजरच्या नमाजानंतर, गल्ली जागी व्हायच्या आत, गाणी भरायला सुरुवात केली. कधी शेळी ओरडायची, कधी नळाला पाणी यायचं आणि भांड्यांचा खणखणाट व्हायचा. एका गाण्यात शेजारचा कोंबडा असा बरोबर समेवर आरवला की जैतुन हसू दाबता दाबता ढोलकीवर आडवी झाली. खाजानं ते तसंच ठेवलं.

कॅसेटवर फोटो नव्हता. रंगीत कागदावर एक ढोलक काढलेली आणि खाली दुकानाचा पत्ता. खाजानं दोन डेक जोडून एकेक प्रत स्वतः काढली. उरुसात फिरणाऱ्या चुडीवाल्यांच्या पेटीत दिली, एस.टी.च्या ओळखीच्या ड्रायव्हरांबरोबर गावोगाव पाठवली. देगलूरच्या स्टँडजवळ गुरुपादप्पाचं कॅसेटचं दुकान होतं. तिथं तेलुगू, कन्नड, मराठी, सगळंच मिळायचं. त्यानं अमीरबीची कॅसेट अगदी पुढं मांडली. खाजाला म्हणाला, "आमच्या बायकोला, रत्नम्माला, उर्दूतलं एक अक्षर येत नाही, पण हे लावलं की घरात एकटीच हसत असते."

हळूहळू पत्ता विचारत माणसं दुकानात येऊ लागली. उदगीरहून आली, नांदेडहून आली. हदगावच्या एका लग्नात तर बायकांनी बसल्या बसल्या फर्माईश केली, "ते कोंबड्यावालं म्हणा!" अमीरबीला कळेना की कोंबडा आता आणायचा कुठून. शेवटी जैतुनच आरवली.

पुढं जैतुनचं लग्न ठरलं. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात, शिवणकाम करणाऱ्या घरात. बहिणीच्या पाठवणीसाठी अमीरबीनं गाणं जुळवलं: 'हौले चलो डोलेवालो, मेरी बहना सोई है.' मेंदीच्या जागरणानं पेंगुळलेली नवरी आणि तिला सांभाळून नेणारे भोई, असं ते लाडिक गाणं. नवरीनं आपल्या लग्नात दुसऱ्या कुणाला ढोलक धरू दिली नाही. मेंदीच्या हातांनी स्वतःच वाजवायला बसली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी कपाळाला हात लावला. लग्नानंतरही ती लातूरला यायची. आधी पोट सांभाळत, मग मांडीवर लेकीला, सदफला, घेऊन.

अनंत चतुर्दशीनंतरची ती भूकंपाची पहाट. लातुरातही भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, सगळी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली. उजाडल्यावर औशाकडच्या गावांची नावं ऐकू येऊ लागली. अमीरबी आणि खाजा मिळेल त्या ट्रकनं निघाले. जैतुनच्या सासरी पोचले तेव्हा घर कुठलं आणि रस्ता कुठला ते ओळखता येत नव्हतं. दगडमातीची जाड घरं जागच्या जागी बसली होती. जैतुन गेली होती, तिचा नवरा गेला होता, सासू गेली होती. लोखंडी खाटेखाली सदफ जिवंत सापडली, एवढंच. खणणाऱ्या माणसांनी सांगितलं, जैतुनचे हात आधी दिसले. अमीरबीनं हे पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.

ती तेव्हा रडली नाही. पोर कडेवर होती, तिला दूध पाहिजे होतं, ताप होता. चाळिसावा दिवस आला तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये गेलेल्यांसाठी फातिहा झाली. इकडं पुरुष, मध्ये चादर बांधलेली, पलीकडं बायका. मौलानांचं बोलणं संपलं, माणसं जेवायला उठली आणि अमीरबीच्या तोंडून एकदम ते गाणं निघालं. हौले चलो डोलेवालो. ढोलक नव्हती. ठेका चुकत होता, मध्येच दम तुटत होता, शब्दांच्या जागी नुसता हुंदका येत होता. "असं गाऊ नये बाई, गुन्हा हाय," कुणीतरी म्हणालं. एक म्हातारी म्हणाली, "राहू द्या. तिला राहू द्या." मग सगळं शेड रडलं. ज्यांना माती देताना रडू आलं नव्हतं त्याही बायका रडल्या.

त्यानंतर अमीरबी गात नव्हती. हिवाळा सरत आला तेव्हा नांदेडहून एका लग्नाचा निरोप आला. खाजानं मनधरणी केली. "ढोलकीला कुणी तरी मिळंल. जरा बाहेर पड." ती सदफला घेऊन त्याच्याबरोबर निघाली.

नांदेडच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या तिला कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. तिला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. ती त्या दिशेला वळली. चहाची टपरी होती, फळीवर टेप होता आणि रडणं त्यातून येत होतं. आपला आवाज तिला लगेच ओळखू आला नाही. 'मेरी बहना' म्हणताना दम तुटला तेव्हा ओळखू आला.

"कुणाचं हाय हो हे?" टोपली घेतलेल्या एका बाईनं विचारलं.

"भूकंपातली बाई हाय," टपरीवाला म्हणाला. "लई चालून राहिली ही कॅसेट."

"पहिल्यापासून लाव की रे, दादा."

त्यानं कॅसेट मागं घेतली. अमीरबी उभी होती तिथं खाली बसली. सदफ तिच्या बुरख्याच्या टोकाशी खेळत होती.

खाजा सामान घेऊन मागून आला. तिच्या डोळ्यांकडं बघून त्याला सगळं कळलं.

"तुम्ही भरलं हे?"

"मौलानांचं बयान भरायला टेप नेला होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझा आवाज आला. मी बंद न्हाई केला."

"मग विकलं."

"गुरुपादप्पाला ऐकवलं नुसतं. तो लेकरासारखा रडला. म्हणला, हे साऱ्या मुलखाचं रडणं हाय, घरात ठेवू नकोस. अमीर, लोकांचं रडणं आत अडकून बसलंय. तुझं ऐकून मोकळं व्हायलेत. माझ्यासमोर एक माणूस..."

"मला विचारलं का?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"हाव. न्हाई म्हणले असते."

खाजानं हातातलं सामान खाली ठेवलं.

"मी लोकांपुढं गायले नव्हते," अमीरबी म्हणाली. "जैतुनपुढं गायले होते. ती वाजवायला आली न्हाई, म्हणून रडले. त्यात तुमचा टेप कुठून आला?"

ती लग्नाला गेली नाही. समोर लागलेल्या लातूरच्या गाडीत बसली. खाजा तिच्या मागच्या बाकावर बसला. शेजारी बसायची त्याची हिंमत झाली नाही.

खाजानं प्रती काढणं बंद केलं. गुरुपादप्पा देगलूरहून येऊन पडद्याबाहेर हात जोडून उभा राहिला, राहिलेल्या कॅसेटी परत देऊन गेला. पण तोवर दुसऱ्यांनी प्रतींच्या प्रती काढल्या होत्या. ऑटोत वाजायची, पानाच्या ठेल्यावर वाजायची, किराणा दुकानात वाजायची. कंपनी असती तर निदान जाऊन भांडायला एक दार असतं. इथं त्या कॅसेटला कुणी मालकच नव्हता.

लोकांना वाटलं, अमीरबीनं गाणं सोडलं ते नवऱ्यावर रागावून. तसं नव्हतं. वर्ष-दीड वर्षानं ती शेजारच्या लग्नात गायला बसली होती. मनापासून बसली होती. नवरदेवाच्या नाकाचं गाणं तिनं उचललं आणि समोर पाहिलं, तर पहिल्या ओळीलाच बायकांनी पदर डोळ्यांना लावला होता. तिनं आवाज चढवला, नाक वाकडं करून दाखवलं. कुणी हसलं नाही. गाणं संपल्यावर एक जण जवळ सरकून म्हणाली, "आपा, ते म्हणा ना. भूकंपातलं."

अमीरबी उठली, चपला घातल्या आणि घरी आली. हसवणारी अमीरबी कुणाला आठवतच नव्हती.

नंतर लातूर बदललं. चारी दिशांनी पोरं शिकायला येऊ लागली, भिंतीभिंतीवर क्लासच्या पाट्या लागल्या, गल्लीगल्लीत मेस निघाल्या. कॅसेटींचा जमाना संपला. खाजानं दुकानात झेरॉक्सचं मशीन बसवलं आणि दिवसभर नोट्सच्या प्रती काढू लागला. वरच्या दोन खोल्या क्लासच्या मुलींना भाड्यानं दिल्या. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, मुली अभ्यास करताहेत, असा नेमच झाला. अमीरबीला ते बरं वाटलं. गप्प राहायला तिला एक कारण मिळालं.

नवराबायकोत भांडण असं राहिलं नव्हतं. ती त्याला वेळेवर जेवू घालायची, त्याच्या कुडत्याला बटण लावायची. सदफला दोघांनी जिवापाड वाढवलं. फक्त गाण्याचा विषय दोघांपैकी कुणी काढायचं नाही. खाजा शेवटच्या दुखण्यात पडला तेव्हा त्यानं एकदाच काढला. खिडकीकडं बघत म्हणाला, "अमीर, ते नाकाचं एकदा म्हण ना. हळू म्हण. वर पोरी हायत."

अमीरबीनं तोंड उघडलं. मग म्हणाली, "पाणी देऊ का?"

"दे," खाजा म्हणाला.

दोन दिवसांनी तो गेला. ते पाणी तिला पुढं जन्मभर टोचत राहिलं.

सदफ मोठी होऊन त्याच क्लासांपैकी एकात जीवशास्त्र शिकवू लागली. डॉक्टर व्हायचं जमलं नाही, पण मुलींना ती आवडायची. बाकावर तिची बोटं सारखी चालायची. तिला ढोलक कुणी शिकवली नव्हती. खालूंनी, म्हणजे खाजानं, ट्रंकेत जपून ठेवलेल्या जुन्या कॅसेटी लावून लावून ती आपोआप शिकली होती. खालाची, म्हणजे मावशीची, टिंगलीची गाणी ती फोनवर भरायची आणि स्वतःच इंटरनेटवर टाकायची. चित्रात फक्त तिचे हात आणि ढोलक. बघता बघता औरंगाबाद, हैदराबादची माणसं ऐकू लागली, लग्नांची बोलावणी येऊ लागली. अमीरबी कौतुकानं ऐकायची आणि कुठं शब्द चुकला तर सांगायची. स्वतः मात्र ओळ गुणगुणायचीही नाही.

एका रविवारी दुपारी सदफ तिच्याजवळ येऊन बसली.

"खाला, रागवू नका. मला डोलेवालं गायचंय."

अमीरबी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "तुला कुठं मिळालं?"

"कुणीतरी नेटवर टाकलंय. लहानपणापासून ऐकत आलेय मी. खालू दुकानात लावायचे, तुम्ही नसताना. फक्त माझ्यासाठी."

अमीरबीनं तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ते गाणं न्हाई, पोरी," ती म्हणाली. "ते रडणं हाय. माझं हाय."

"माहीत आहे," सदफ म्हणाली. तिचे डोळे भरले. "पण अम्मीचा फोटो नाही माझ्याकडं. घर नाही, सगळ्यांना एकत्र माती दिली म्हणून कबर नेमकी कुठली ते माहीत नाही. तिच्यासाठी कुणी इतकं रडलं होतं, हे फक्त तेवढ्यातच आहे. कॅसेटींतली तिची ढोलक सोडली तर माझ्याकडं दुसरं काहीच नाही, खाला."

अमीरबीनं ताट बाजूला सारलं. पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. खाजा दुकानात एकटा बसून या लेकराला काय ऐकवत होता आणि घरी येऊन तिला काहीच न सांगता जेवत होता, ते सगळं तिला दिसलं. आता ते कुणाला सांगणार?

तिनं गायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली, मग खोकला आला. इतक्या वर्षांत गळा मिटून गेला होता. सदफनं पाणी आणलं.

मग अमीरबीनं शब्द सांगितले. रडण्यात गिळून गेलेल्या ओळी, ज्या त्या टेपवर कुणालाच कळल्या नसत्या, त्याही सांगितल्या. बाजाराची यादी सांगावी तशा, एकेक करून. सदफनं पाठ केल्या.

"आणि चाल?"

"चाल त्या टेपातच हाय," अमीरबी म्हणाली. "तुझ्या खालूनं ठेवलीय. तिथून घे."

सदफनं खिडक्या लावल्या, ढोलक घेतली, फोन उशीला टेकवून ठेवला. अमीरबीनं बुरखा घातला आणि ती बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला, क्लासहून येणाऱ्या पोरापोरींच्या गर्दीत, बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. ऊन उतरल्यावर घरी आली.

"झालं?"

"झालं, खाला. ऐकायचंय?"

"न्हाई," अमीरबी म्हणाली. "तू जेवली न्हाईस. चल, वाढते."