लिंबाखालची सुरी

साखरपुड्याचे पेढे अजून तोंडात विरघळत होते, तेवढ्यात भामाने होणाऱ्या जावयाला अट घातली. भामा म्हणजे पनवेलच्या मासळी बाजारातलं मोठं प्रस्थ. तिच्याशी भाव करायला भलेभले कचरायचे, तिथे तुळशीरामाची काय कथा!

"नवरदेवाची सुरी तुज्याच हातची पायजे," ती म्हणाली. "न् दारात मी लिंबू काढीन तवा पात्यावर डाग दिसला, तर वरात आली तशी माघारी. आताच सांगून ठेवते."

आता यात तिचंच चुकलं असं कुणी म्हणू नये. त्यांच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी येते आणि नजर लागू नये म्हणून तिच्या टोकाला लिंबू खोचतात. नवरीच्या दारात सासू ते लिंबू काढते, ओवाळून टाकते आणि मग जावयाला आत घेते. थोरल्या लेकीच्या लग्नात भामाने लिंबू काढलं, तर खाली पातं काळंठिक्कर! त्याचं काळं पाणी नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळलेलं. लेकीचा संसार झकास चालला होता, पण बाजारातल्या बायका गप्प बसतात होय? "भामे, तुझा काळ्या लिंबाचा जावय काय म्हणतो?" असं त्या अजून विचारत.

तुळशीरामाला अट ऐकून हसू आलं. हा तर त्याच्या हातचा मळ. आधी तो तळोज्याला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता, आणि आता उरण नाक्याजवळ पत्र्याची शेड टाकून सुऱ्या-विळ्या करत होता. त्याच्या विळ्या ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांच्या असत. धार अशी, की बोट कापलं तरी आधी कळायचं नाही. पण लिंबू लागलं की पातं काळं पडायचं. म्हणजे स्टेनलेस हवं. आणि स्टेनलेस म्हटलं की भांडीवाल्यांची जुनी परीक्षा: चुंबक चिकटला नाही तर माल अस्सल.

त्याने ताटांच्या जातीचा जाड पत्रा आणला. चुंबक लावला, तो घसरून पडला. वा! पातं कापलं, घासलं, चाकावर पॉलिशचा साबण लावून असं चमकवलं की त्यात बघून दाढी करावी. गडी स्वतःवरच खूश. लिंबू आणलं, गावठी, जाड सालीचं. टोक खुपसलं, तर टोकच वाकलं! टोमॅटो घेतला, तर तो कापायच्या आधी दबला. भट्टीत तापवून पाणी दिलं, तरी पात्याला ढिम्म फरक नाही. ताटाच्या पोटी ताटच जन्माला यायचं, दुसरं काय!

"अरे शहाण्या, याला कितीबी तापव, ते कडक व्हायचं नाय," भंगारवाला दयाराम पोट धरधरून हसला. त्याने आपल्या ढिगातून दुसरा तुकडा काढून दिला, कुठल्याशा मोठ्या यंत्राचा, भलताच कडक. या पात्याला धार आली, पण घासता घासता तुळशीरामाच्या खांद्याचा भुगा झाला, आणि एवढं करून उजेडात धरलं तर देवी येऊन गेल्यासारखे बारीक बारीक ठिपके. जितकं चाकावर धरावं तितके ते वर येत. लिंबू खोचून ठेवलं, तर नेमकं त्या ठिपक्यांत आंबट पाणी बसलं आणि पातं धुरकटलं.

तुळशीराम घाबरला. भामाची धाकटी लेक जनी त्याला मनापासून आवडली होती. बाजारात आईशेजारी बसून गिऱ्हाइकाला फटकन उत्तर देणारी ती पोरगी घरी आली नाही, तर ही शेड, ही भट्टी कुणासाठी तापवायची?

शेवटी दयारामलाच दया आली. डॉक्टरी कात्र्या जिच्या करतात, त्या जातीची पट्टी त्याने शोधून आणली. फार कडक नाही, फार मऊ नाही. तुळशीरामाने सवयीने चुंबक लावला, तो टक्क करून चिकटला. "खोटा माल!" म्हणून तो पट्टी फेकणारच होता, पण हात आवरला. तापवून तेलात बुडवली, पुन्हा हलकी शेकली. मग पॉलिशचे कागद घेऊन घासायला बसला. एक कागद उभा, त्याहून बारीक कागद आडवा, आधीची रेघ पुसल्याशिवाय पुढचा कागद नाही. चाकावर धरली आणि पातं निवळशंख पाण्यासारखं झालं. टोमॅटोची चकती इतकी पातळ निघाली की पलीकडचा दयाराम दिसला. लिंबू खोचून ठेवलं, काढलं, पुसलं. डागाचं नाव नाही. तुळशीराम शेडमध्येच नाचला.

आनंद हळदीच्या सकाळपर्यंत टिकला. जनी मैत्रिणीला घेऊन बांगड्यांच्या निमित्ताने नाक्यावर आली आणि हळूच म्हणाली, "आयेनं मोडक्या रेडिओतला चुंबक काढलाय. भांडीवाल्यानं तिला शिकवलंय. दारात लावून बघणार हाय."

तुळशीरामाची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. ताटाच्या पत्र्याची सुरी अजून पडून होती. टोक सरळ केलं, आधी भोक पाडून लिंबू बसवलं, की काम फत्ते. चकाकी आहे, चुंबक घसरेल, लग्नात सुरीने कापायचं काय असतं? बराच वेळ तो दोन्ही सुऱ्या पुढ्यात घेऊन बसला. पण जिच्यावर पोट भरायचं, तीच सुरी पहिल्या दिवशी लटकी घेऊन सासूच्या दारात जायचं, हे काही त्याच्या गळी उतरेना. त्याने खरी सुरी उचलली आणि देवाचं नाव घेतलं.

वरात दारात आली. बँड थांबला. भामाने लिंबू उपसलं, पातं पदराने पुसलं. लख्ख! बायकांचे चेहरे पडले. भामाची छाती फुगली, आणि त्याच भरात तिने कनवटीचा चुंबक काढून पात्याला लावला.

टक्क.

"खोटं स्टील!" भामा कडाडली. "माज्या दारात फशिवतो?"

नवरदेव समजवायला पुढे सरला. तेवढ्यात आतून, मुंडावळ्या बाजूला सारत, जनी ओरडली, "आये, त्यो चुंबक तुज्या विळीला लाव आदी!"

ओटीवर कांदे चिरायला भामाची बाजारातली विळी काढलेली होती. कुणीतरी चुंबक नेऊन लावला. तोही टक्क करून बसला.

"लोखंडाची हाय ती, चिकटनारच," भामा गुरगुरली.

"म्हनून तर कापते," जनी म्हणाली. "तिच्यावरच आमाला वाढवलंस ना? मग ती खोटी का? न् ताटानं कवा मासली कापलीस तू?"

आता तुळशीरामाने सुरीची मूठ भामापुढे केली. "मावशी, जीव विळीचा हाय, रूप ताटाचं हाय. कापून बघा."

आचाऱ्याच्या टोपलीतला पिकून मऊ झालेला टोमॅटो भामाने तळहातावर घेतला. सुरी नुसती टेकवली. रसाचा थेंब न सांडता दोन फाका आडव्या झाल्या. भामाने दुसरा घेतला. मग तिसरा. मागे बँडवाले ताटकळले, भटजी मुहूर्त मुहूर्त म्हणून ओरडायला लागले, पण बाई कापतेच आहे.

"आये, मी लगीन करू का टोमॅटो येचू?" जनी वैतागली.

भामा भानावर आली. तिने जावयाची अलाबला घेतली, कडकडा बोटं मोडली. "ये, बाबा, आत ये," म्हणताना तिचा आवाज भरून आला. मग बायकांकडे वळून म्हणाली, "बघा गं, माजा लख्ख जावय!"

लग्न लागलं. रीतीप्रमाणे सुरी नवरदेवाबरोबर घरी जायची. पाठवणीच्या वेळी तुळशीरामाने ती इकडेतिकडे शोधली, कुठे दिसेना. जनीने त्याला कोपराने ढोसलं आणि आईकडे बोट दाखवलं. भामा पदराने डोळे पुसत होती, आणि कनवटीला, चुंबकाशेजारी, सुरीची मूठ बाहेर आली होती.