उपडा ड्रम

"गीताताई, पण हे कुणी मोजलंय का?"

दिपालीने झोपल्या झोपल्याच समोरच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. भिंतीवर पोस्टर होतं. पोस्टरमधली बाई डाव्या कुशीवर झोपून गालाला खळी पाडून हसत होती. तिच्या उशाशी फुलदाणी होती, खिडकीला गुलाबी पडदा होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'जोखमीच्या गरोदरपणात पूर्ण विश्रांती, हीच बाळाची सुरक्षा.'

"काय मोजायचं त्याच्यात?" गीताबाई पिशवीतून लोहाच्या गोळ्या काढत म्हणाल्या. मुकुंदवाडीच्या या गल्ल्यांच्या त्या आशाताई. पोस्टर त्यांनीच आणून चिकटवलं होतं. "वरून येतं, आम्ही चिटकवतो."

"म्हणजे झोपून राहिलेल्या बायका एकीकडं, हिंडत्या-फिरत्या बायका एकीकडं. कुणाची लेकरं टिकली, कुणाची गेली. असं कुणी शेजारी शेजारी ठेवून पाह्यलं असंल ना?"

"ऐका!" गीताबाईंनी मोरीत भांडी विसळणाऱ्या दिपालीच्या सासूला, बानाबाईंना हाक दिली. "हिची कंपनी सुटली, पण डोक्यातून नाही गेली. अगं, बाळंतपण म्हणजे काय तुझे नटबोल्ट आहेत का?"

दिपालीही हसली. हसताना पोट हललं, तसं तिने हसू आवरलं. हल्ली ती हसायचीही बेतानेच.

लग्नाआधीपासून ती चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तपासणीला होती. मशीनवरून आलेला नग मापात घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल ट्रेमध्ये. पूर्वी तिथे नग नापास झाला की ज्याच्या हातून निघाला त्यालाच धरायचे. मग एक नवे साहेब आले. ते म्हणायचे, आधी चांगला लॉट आणि खराब लॉट शेजारी ठेवा, फरक दाखवा, मग माणसाला बोला. दिपालीला ते फार आवडलं होतं. किती पोरांची बोलणी त्यामुळे वाचली होती.

तिला मात्र कुणी तसं वाचवलं नव्हतं. खरं तर तिला कुणी बोललंही नव्हतं.

पहिल्या खेपेला पाचवा महिना चालू होता. थोडं अंगावरून गेलं म्हणून झोपून राहायला सांगितलं होतं. बानाबाई वैजापूरला लेकीकडे गेल्या होत्या, नवरा रामप्रसाद पहिल्या पाळीला. आणि नळ आला. या शहरात नळ येतो तो पाहुण्यासारखा, आठ-दहा दिवसांनी आणि न सांगता. गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं, पाणी आलं!" दिपाली थोडा वेळ पडून राहिली. मग उठली. पाइप फाटलेला होता म्हणून हंड्याने भरभरून तिने निळा ड्रम काठोकाठ भरला, वर झाकण ठेवलं आणि परत येऊन झोपली. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या.

बानाबाई वैजापूरहून आल्या. तोवर लेकरू गेलं होतं. सरळ मोरीमागच्या बोळात गेल्या आणि भरलेला ड्रम त्यांनी आडवा केला. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा जपणाऱ्या गल्लीत ते सगळं पाणी गटारात वाहताना शेजारच्या जैतुनबींनी दारात येऊन पाहिलं आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. बानाबाईंनी ड्रम भिंतीशी उपडा घातला. तो तसाच राहिला. घर दोन बादल्या, तीन हंडे आणि पत्र्याच्या एका छोट्या टिपाडावर चालू लागलं. 'ड्रम भरला म्हणून' एवढं वाक्य त्या घरात कुणी कधीच उच्चारलं नाही, पण मोरीला जाताना ते रोज दिसायचं.

आता दुसऱ्या खेपेला सहावा लागला होता आणि दिपाली चौथ्या महिन्यापासून त्या पोस्टरच्या समोर पडून होती.

पुढच्या तपासणीला गीताबाईंनीच रिक्षा आणली. बानाबाई सोबत निघाल्या. आरोग्य केंद्रात डॉक्टर अनिसा मॅडमसमोर जाताच दिपाली सवयीने तपासायच्या टेबलावर आडवी होऊ लागली.

"अरे, झोपू नको. बस खुर्चीवर. झोपायची इतकी आदत लागली का?" मॅडम हसल्या.

"मॅडम, हिचा एक सवाल आहे," गीताबाई म्हणाल्या. "मला तर उत्तर येत नाही. तुम्हीच पाहा."

दिपालीने विचारलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खरं सांगू? पुरावा कमजोर आहे. लई कमजोर. जिथं असे दोन गट करून पाह्यले, तिथं झोपलेल्यांत आणि चालत्या-फिरत्यांत काही खास फरक दिसला नाही. उलट झोपून झोपून पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती असते. कंबर जाते. दिल बैठ जाता है, ते वेगळंच."

"मग ते पोस्टर?"

"पोस्टर जुनं आहे. नवीन येईल तेव्हा येईल."

"पण मागच्या वेळी तुम्हीच लिहून दिलं होतं." दिपालीच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"हो, दिलं होतं. बाई समोर बसून रडते, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीच नसतं. मग हात आपोआप 'विश्रांती' लिहून जातो. तिला वाटतं आपण काहीतरी करतोय. मलापण तसंच वाटतं. चूक आहे ते, बेटा."

"मग त्या दिवशी मी पाणी भरलं, म्हणून..."

"त्यानं झालं असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नाही."

"आणि त्यानं नाही झालं?"

"एका बाईचं तसं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण हे तू डोक्यावर घेऊन फिरावं, असं मला कुठं काही दिसत नाही."

इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या बानाबाई पुढे आल्या. "मग लेकरू कशानं गेलं?"

"माहीत नाही, अम्मा."

"माहीत नाय म्हंजी?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. पुष्कळदा कळत नाही आम्हाला."

मॅडमनी मग सगळं समजावून सांगितलं : ऊठ, बस, गल्लीत चक्कर मार, जड काही उचलू नको, गोळ्या आणि तपासण्या चुकवू नको, पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर एक मिनिट थांबू नको. बानाबाईंनी त्यातलं काही ऐकलं असं वाटलं नाही.

रिक्षात त्या तोंड सोडून बोलल्या. "कसली डॉक्टरीण म्हणायची ही? येवढी शिकली, आन तोंड वर करून माहीत नाय म्हणती! आमच्या वाडीवरची सुईण बी काहीबाही सांगत व्हती."

"खरं तेच बोलल्या ना मॅडम," गीताबाई म्हणाल्या.

"तुमचं खरं ठिवा तुमच्यापाशी. मह्या घरात कुणी उठायचं नाय."

बाहेर रस्त्यावरची माणसं, रसवंत्या, शाळेतून सुटलेली पोरं भराभर मागे जात होती. दिपाली त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला वाटलं होतं, उत्तर मिळालं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही.

रामप्रसाद पाळीवरून आला, तेव्हा दोघींनी आपापल्या परीने त्याला सांगितलं. तो पायातले बूट काढत ऐकत होता. मोठा गरीब स्वभावाचा माणूस. आवाज चढवणं त्याला जमतच नसे.

"मॅडम म्हणतात ते असंल बी खरं," तो म्हणाला. "पण दिपा, झोपून राह्यल्यानं आपलं जातं काय? तीन महिन्यांचा तर सवाल हाय."

जातं काय? दिपालीने भिंतीकडे तोंड केलं. कंपनीतली जागा गेली होती, तिथे दुसरी पोरगी बसली होती. पिंढऱ्या सुकल्या होत्या. आभाळ म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या दोन वायरींमधला तुकडा तेवढा उरला होता. पोटातल्या जिवाशी दोन शब्द बोलावेत, तर बोलण्यासारखं काही घडतच नव्हतं. पोटातून ढुशी बसली तरी आधी भीतीच यायची, आनंद मागून रेंगाळत यायचा. पण यातलं नवऱ्याला मोजून कसं दाखवायचं? हे कुठल्या मापात बसत नव्हतं. आणि समजा उठली, आणि काही झालं, तर? मग मॅडमचे गट, मॅडमचा चष्मा, कुणी कुणी मध्ये येणार नाही. मोरीमागे दुसरा ड्रम उपडा पडेल. पुरावा कितीही कमजोर असला, तरी दाराला घातलेली कडी पक्की होती.

शिवाय एक गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नव्हती. ड्रम भरला म्हणून गेलं, असं होतं तोवर निदान कारण होतं. रागवायला कुणीतरी होतं, मग ती स्वतःच का असेना. आता ते लेकरू नुसतंच गेलं होतं.

चार दिवस ती उठली नाही. कुणी धरून ठेवलं नव्हतं. पाय खाली सोडायची, फरशीचा गारवा तळव्यांना लागायचा, आणि परत वर घ्यायची.

पाचव्या दिवशी सकाळी नळ आला.

"पाणी आलं!" जैतुनबींनी भिंतीवर दोनदा मूठ आपटली. "बानाबाई, उठो, आज जोर मस्त आहे!"

रामप्रसाद पाळीला गेला होता. बानाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या, नळाला पाइप लावला. बादल्या भरल्या, हंडे भरले, टिपाड भरलं. त्यांचे गुडघे कटकट वाजायचे ते अंथरुणापर्यंत ऐकू येत होतं. मग पाइपातलं पाणी नुसतंच मोरीत पडू लागलं. भरायला काही उरलं नव्हतं. पाणी जोरात येत होतं आणि चाललं होतं.

त्या आवाजाने दिपाली उठून बसली. भिंत धरत मोरीच्या दाराशी आली. बानाबाईंची पाठ तिच्याकडे होती. त्या बोळाकडे पाहत उभ्या होत्या.

"आत्याबाई."

बानाबाईंनी मागे वळून पाहिलं. आता ओरडतील म्हणून दिपालीने चौकट घट्ट धरली. पण त्या दुसरंच बोलल्या.

"रामप्रसादच्या आधी दोन गेली मही."

दिपालीला हे ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही असेल असं तिला वाटलं नाही.

"दोन्ही टायमाला आईनं माहेरी नेऊन ठिवलं व्हतं. काडी उचलू दिली नाय. बसल्या जागी ताट. तरी गेली." पाइप हातात तसाच होता, पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं. "लोक म्हणले, आईनं काय तरी उष्ण चारलं आसंल. म्या बी तेच धरलं. त्याच्यानंतर आईच्या घरी म्या पाण्याचा घोट घेतला नाय. ती तांब्या घेऊन पुढं उभी राह्यची. म्या म्हणायचे, तहान नाय मला."

"मग ह्यांच्या वेळी?"

"ह्याच्या टायमाला आई मेलेली. कोण नेतंय माहेरी? नववा लागेस्तोवर मेंढरामागं गोदेच्या गंगथडीला हिंडले. वाटंतच झाला हा, बाभळीखाली." त्यांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. "ती बाई म्हणली, माहीत नाय. असं माहीत नसलेलं बी असतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नाय गं."

दिपालीच्या मनात तपासणीची जुनी सवय जागी झाली. तीन नगांवरून लॉट पास होत नाही. दोन झोपून गेले आणि एक चालून राहिला, याने काहीच ठरत नव्हतं. उद्या तिचं काय होईल, ते यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती हे बोलली नाही. तांब्या घेऊन उभी असलेली एक म्हातारी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

बानाबाईंनी पाइप खाली टाकला. बोळात जाऊन दोन्ही हातांनी ड्रम धरला. तो मातीत बसला होता, लवकर सुटेना. सुटला तसा आतून प्लास्टिकचा लाल मग घरंगळला. त्या दिवशी भरलेल्या पाण्यावर तरंगत होता, तोच. नंतर पुष्कळ शोधूनही सापडला नव्हता. बानाबाईंनी तो उचलला, पदराने पुसला, आणि त्याच मगाने पाणी घेऊन ड्रम आतून दोनदा खळखळून धुतला. मग मोरीच्या कडेला आणून उभा केला.

पाइपाचं तोंड ड्रममध्ये राहिना. जोराने सारखं बाहेर उडत होतं.

बानाबाईंनी पाट आणून दाराशी ठेवला. "बस हितं. उचलायचं काय बी नाय. नुसतं तोंड धर पाइपाचं."

दिपाली हळूच पाटावर बसली आणि तिने पाइप धरला. रिकाम्या ड्रमच्या तळाशी पाणी मोठ्याने वाजू लागलं. तिचा दुसरा हात पोटावर होता. पलीकडून जैतुनबींनी आवाज दिला, "काय गं, ड्रम काढला का आज?"

"व्हय," बानाबाई म्हणाल्या. "काढला."

तळाचा आवाज हळूहळू कमी झाला. पाणी वर चढत गेलं. बानाबाईंनी नव्या पाण्यातून मगभर पाणी घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून, तहान लागलेल्या माणसासारखं, सगळं पिऊन टाकलं.