सांध्याची वरची बाजू

मित्रांनो, नाव पिंजरा असलं तरी माझ्यात ना कधी पोपट राहिला, ना वाघ. मी एक जुना, वाकडा झालेला लोखंडी पिंजरा आहे. दगडधोंड्यांतून धावणारी गाडी उलटलीच, तर आतल्या माणसावर छप्पर चेपू नये म्हणून आतून बसवतात ना, तो मी.

एका वेल्डरने मला घडवलं. त्याची धाकटी बहीण डोंगरातल्या शर्यतींत गाडी चालवायची. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेले आणि ती तिच्याकडे आली. भावाने जीव ओतून माझे पाइप वाकवले, एकेक सांधा घासूनपुसून जुळवला. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. तिच्या डोक्यावरचा सांधा छपराला इतका खेटून होता, की त्याच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा रॉड पोचेना. यावर उपाय असतो. गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडायची, मला त्यांतून वीतभर खाली सोडायचं, वरून सांधे पक्के करायचे आणि मग मला उचलून त्या भोकांवर टाकलेल्या जाड पट्ट्यांवर बसवायचं. भावाला हे ठाऊक होतं. हातात कटर घेऊन तो कितीतरी वेळ गाडीत उकिडवा बसून राहिला.

"हा पत्रा बाबांनी स्वतः ठोकून बसवलाय रे," शेवटी तो मला रंग द्यायला आलेल्या रंगाऱ्याला म्हणाला. "माझा हातच होत नाही. खालून पक्कं आहे. वरून तू पुट्टी भर."

"आणि गाडी उलटली म्हणजे?"

"आजवर उलटवलीय का तिने कधी?"

रंगाऱ्याने पुट्टी भरून वर लाल रंग मारला. सगळ्यांत गुळगुळीत सांधा तोच दिसू लागला. बहिणीने नेमका त्यावरूनच हात फिरवला.

"दादा, काय काम केलंस रे! आता मी बिनधास्त."

मला ओरडावंसं वाटलं. पण लोखंडाला कुठली वाचा? खड्ड्याखड्ड्यांत मी करकरलो. तिला वाटलं, दार वाजतंय. तिने बिजागऱ्यांना तेल घातलं.

माझ्या भरवशावर ती पूर्वीपेक्षा अवघड उतार उतरू लागली. अशाच एका उतारावर गाडी कलंडली आणि उलटली. बाकीचे सांधे टिकले, तो एक उघडला. पाइप तिच्या खांद्यावर आला. मित्रांनो, तिला वाचवायला मला बसवलं होतं, आणि तिला लागलो तो मीच.

ती जगली. पण उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

मला बाहेर काढायला भावाने तळाचा पत्रा कापला. या वेळी तो क्षणभरही थांबला नाही. नुसता रडत होता. बरी होऊन आल्यावर बहिणीने तो सांधा पाहिला.

"तुला माहीत होतं?"

"हो. बाबांचा पत्रा कापवेना माझ्याने."

"मला विचारायचंस तरी, दादा. मी स्वतः कापला असता पत्रा."

आता मी त्यांच्या अंगणात पडून असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांच्यापायी जितं माणूस धोक्यात घालू नका. आणि कुणी काही करून दिलं, तर शाबासकी देण्याआधी कुठे काही राहिलंय का, एवढं विचारा. आम्हाला सांगता येत नाही.

ती रोज माझ्या खालच्या पाइपवर ओले कपडे वाळत घालते. ऊन वरच्या पाइपवर चांगलं येतं. तिथवर तिचा हात पोचत नाही, आणि मला खाली वाकता येत नाही.