पडद्याची सुलट बाजू

रशियाची सगळी माणसं डावखुरी असतात, असं मोतीबाईनं कर्जतच्या बाजारात सुकट घेता घेता सांगितलं, कोंडाण्याला माहेरी जाऊन सांगितलं आणि शेवटी आपल्या गावच्या भातगिरणीवर चार माणसांत सांगितलं. गिरणीवर सांगितलं तिथंच घात झाला.

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सांगत होती. दिवाळीनंतर रशियाची सिनेमाची गाडी गावात येऊन गेली. मारुतीच्या देवळापुढं दोन बांबूंना पडदा ताणला होता. अवकाशात सगळ्यांच्या आधी गेलेला त्यांचा माणूस त्यावर हसत होता, डाव्या हातानं सलाम ठोकत होता, डाव्या हातानं कागदावर सही करत होता. त्याआधी कुटुंबनियोजनाची गाडी आली होती, त्यातला डॉक्टरही डावखुराच. शिकून शिकून माणसं तशी होत असतील, असं मोतीबाईच्या बौद्धवाडीनं समजून घेतलं होतं. कारण अख्खी वाडी दर वेळी पडद्याच्या मागच्या बाजूला बसत होती.

सरपंच दामूशेठ गिरणीवर भात भरडून घेत उभा होता. तो पोट धरून हसला. "अगं मोते, तू मागनं बगतेस. आरशात बगावं तसं. तुजा अख्खा रशिया उलटा." गिरणीवाला हसला, पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोतीबाई केसांवर उडालेला भाताचा कोंडाही न झटकता घरी आली.

दामूशेठ हसला याचा तिला तेवढा राग नव्हता. तो हसायचाच. तेरा वर्षांपूर्वी वाडीनं देव सोडले, मेलेली ढोरं ओढायची सोडली, त्यासाठी मार खाल्ला, तरी कुणी वाकलं नाही. आणि हीच वाडी पडदा लागला की आपल्या पायांनी मागं जाऊन आपल्या हातांनी गोणपाट अंथरत होती. कुणी हाकलत नव्हतं. हाकलायची गरजच पडत नव्हती. स्वतःची तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पौषात बातमी आली की आता अमेरिकेची गाडी येणार, चंद्रावर उतरलेल्या माणसांचा सिनेमा घेऊन. दोन थोरांचं जुंपलं होतं. एकानं आभाळात गोळा सोडला की दुसऱ्यानं दोन सोडायचे, आणि आभाळ पुरेना म्हणून की काय, भांडण आता या गावच्या पारापर्यंत आलं होतं. मोतीबाईनं नवऱ्याला सांगून टाकलं, चांद मी पुढनं बघणार.

श्रीपत कुंभिवलीजवळच्या कारखान्यात जायचा, सायकलनं. भांडणाला तो नव्हता, पण भित्राही नव्हता. त्यानं सरळ हिशेब मांडला. वाडीतून सडकेला जायची वाट दामूशेठच्या बांधावरून. त्यानं बांध बंद केला तर सगळ्यांना ओढ्यातून जावं लागेल, लेकराबाळांना, म्हाताऱ्यांना. कशाला विषाची परीक्षा? मोतीबाई म्हणाली, ओढ्यातून जाईन. मग ती घरोघर फिरली. अर्धी वाडी हो म्हणाली, अर्धी बघू म्हणाली. बघू म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

गाडी दुपारीच आली. दामूशेठ हार घेऊन तयार होता. गाडीतून दोघे उतरले, मुंबईचे गोरेपान दुभाषे प्रधान आणि एक उंच, काळाभोर तरुण. दामूशेठनं लगबगीनं प्रधानांच्या गळ्यात हार घातला. साहेब हे नाहीत, साहेब ते आहेत, वॉल्टरसाहेब, असं प्रधानांनी सांगितल्यावर तोच हार काढून दुसऱ्या गळ्यात घालताना त्याची जी तारांबळ उडाली, ती वाडीनं लांबून मजेत पाहिली.

पडदा बांधणं चालू असताना मोतीबाई गाडीपाशी गेली. रशियाच्या पडद्यावर तिनं आणखीही एक गोष्ट पाहिली होती. अमेरिकेत काळ्या माणसांवर पोलीस कुत्री सोडत होते. ते खरं की खोटं, असं तिनं विचारलं. प्रधान म्हणाले, बाई, असलं पाहुण्यांना विचारू नये. पण साहेबानं ती काय म्हणते ते सांगायला लावलं, आणि ऐकून खरं आहे म्हणाला.

"मंग सिनेमाला तुमाला कुठं बसवतात?" मोतीबाईनं विचारलं.

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. त्याच्या लहानपणी वरच्या माडीवर बसवत, जिनासुद्धा वेगळा असे. आता कायदा बदललाय, असं त्यानं प्रधानांकरवी सांगितलं.

"कायदा आमचाबी बदललाय," मोतीबाई म्हणाली. "तुमाला वर, आमाला मागं."

तिनं त्याला पडद्यामागं नेलं. उकिरड्याला लागून असलेली ती जागा त्यानं पाहिली. मग म्हणाला, त्याला वाईट वाटतं, पण हुकूम कडक आहेत. गावच्या भानगडीत पडायचं नाही. त्याचं काम एवढंच, की रशियाच्या गाडीपेक्षा जास्त माणूस जमला पाहिजे. हे प्रधानांनी फार समाधानानं सांगितलं.

"मी इचारायला आलेच नाय," मोतीबाई म्हणाली. "दिवा कुठनं पडतो तेवढं बगून घेतलं."

दिवेलागणीला गाव जमलं. मोतीबाई गोणपाट घेऊन आली, उकिरड्याकडं वळली नाही, सरळ पुढं आली आणि यंत्राच्या उजेडाच्या वाटेखाली, गावाच्या मधोमध बसली. एकटीच. कुणी आलं नाही तर उद्या तोंड कुठं लपवायचं, हे तिला सुचत नव्हतं. मग सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. श्रीपत येऊन शेजारी बसला, तिच्याकडं न बघता. त्याच्यामागून हो म्हणालेले आले, आणि हो म्हणालेले बसलेले दिसल्यावर बघू म्हणालेलेही आले.

दामूशेठ उठला. "देव सोडलेत ना तुमी? मंग देवळापुढं कशाला?"

"देव बगाया नाय आलो, शेठ. चांद बगाया आलो. तो काय तुमी बसवलेला नाय."

दामूशेठ ताडताड यंत्रापाशी गेला आणि सिनेमा थांबवा म्हणाला. साहेबानं मान वर केली, जमलेली डोकी नजरेनं मोजली आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. प्रधानांना ते मराठीत सांगताना घाम फुटला. साहेब म्हणतात, गावच्या भानगडीत पडायचं नाही असा हुकूम आहे.

पडद्यावर उजेड पडला. आता गावापुढं पेच आला. वाडीला लागून बसायचं तर अब्रू जाते, घरी जायचं तर चांद जातो. दामूशेठनं धोतर झाडलं आणि तो पडद्याच्या मागं जाऊन उभा राहिला. एकेक करून गाव त्याच्यामागून गेलं. रशियाच्या वेळी वाडी बसली होती त्याच जागी, उकिरड्याला पाठ लावून. राहिली फक्त दामूशेठची आई, पारूबाई. तिला न्यायला आलेल्यांना ती म्हणाली, एवढ्या मुश्किलीनं बसलेय, आता चांद खाली आला तरी मी उठायची नाय.

सिनेमात गोष्ट अशी काही फार नव्हती. राखेसारखी जमीन, एक शिडी, गोणपाट गुंडाळल्यासारखा एक माणूस. तो एकेक पायरी उतरत खाली आला, क्षणभर थांबला आणि त्यानं पाय टाकला. कोणता पाय, ते मोतीबाईनं डोळे ताणून पाहिलं.

सकाळी बांधावर काटे टाकलेले होते. श्रीपत सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यातून गेला. मोतीबाईही भाताची पाटी डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून गेली आणि निथळत्या लुगड्यानं गिरणीवर पोचली. तिथं दामूशेठ काल न आलेल्यांना सिनेमा सांगत होता. पारूबाई गोणीवर बसून ऐकत होती.

"अमेरिका झाली तरी रीत सोडत नाय," दामूशेठ म्हणत होता. "चांदावर पयलं पाऊल टाकलं ते उजवं. शुभ काम म्हटल्यावर उजवंच."

मोतीबाईनं पाटी खाली ठेवली. "डावं," ती म्हणाली.

गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. दामूशेठच्या कपाळावरची शीर फुगली. बांध कुणाचा, गिरणीवर उधार कुणाच्या शब्दावर मिळतं, हे सगळं तो बोलून दाखवणार होता. पण त्याच्याआधी पारूबाई बोलली.

"डावंच व्हतं रं, दामू. मी पुढं बसले व्हते."

कुणी हसलं नाही. हसायचं ते मोतीबाईचं राहिलं होतं, पण तिलाही हसू आलं नाही. ती दामूशेठच्या समोर जाऊन उभी राहिली, लुगड्याचं पाणी त्याच्या पायाशी ठिबकत होतं.

"तुमी मागनं बगितलंत, शेठ," ती म्हणाली. "तुमचा अख्खा चांद उलटा."

मग तिनं पाटी उचलली आणि रांगेत आपला नंबर लावला.