मुहूर्त बारा सत्तावीसचा

आपल्याकडं लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत छापायचा असतो, पाळायचा नसतो. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कुठल्याही मंगल कार्यालयात जा. आधी पाहुण्यांना फेटे, मग शाल-श्रीफळ, मग ज्यांचा फेटा राहिला त्यांची समजूत, मग आशीर्वादाची भाषणं. एवढं उरकलं की कुणाला तरी भटजींची आठवण होते. तोवर मुहूर्त बिचारा वाट बघून निघून गेलेला असतो.

मलकापूरच्या रेश्मानं या गोष्टीवर डोळे झाकून भरवसा ठेवला आणि तिथंच ती फसली.

रेश्मा बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत उपग्रहाचं सॉफ्टवेअर लिहायची. गावानं याचा अर्थ 'डिशचं काम' असा लावला होता. ती सुट्टीला आली की भामाआत्या रिमोटच तिच्या हातात द्यायची. "एवढी वर यंत्रं फिरवतीस, अन् आत्याचं एक चॅनेल दिसंना व्हय तुला?" रेश्मानं दोन दिवाळ्या समजावून पाहिलं. तिसऱ्या दिवाळीला ती गच्चीवर चढून डिश हलवायला शिकली, ते जास्त सोपं होतं.

तिच्या उपग्रहाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. ती त्याला चिमणी म्हणायची. मिक्सरच्या खोक्याएवढी चिमणी पृथ्वीभोवती घिरट्या घालायची आणि कंपनीच्या अँटेनावरून जायची तेवढी आठेक मिनिटंच तिच्याशी बोलता यायचं. जे सांगायचं ते त्यातच. थांब म्हटलं तर ती थांबत नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी, रेश्माच्या अंगाला हळद लागलेली असताना, ऑफिसातल्या मुकुलचा फोन आला. चिमणीचं घड्याळ मागं पडलं होतं. वेळ चुकली म्हणून तिला सूर्य सापडेना आणि सूर्य सापडेना म्हणून बॅटरी भरेना. घड्याळाचा तो भाग रेश्मानंच लिहिलेला. हळदीच्या हातांनीच तिनं दुरुस्ती लिहून काढली, पण ती वर पाठवायला धड फेरी होती ती लग्नाच्या दिवशी दुपारी बारा वीसला. त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत बॅटरी टिकणार नव्हती. वरून येणारं उत्तर वाचून लगेच पुढची आज्ञा द्यायची होती, आणि ते उत्तर रेश्माशिवाय कुणाला उमगणार नव्हतं.

"पण तुझा मुहूर्त बारा सत्तावीसचा आहे ना?" मुकुलनं विचारलं. मुकुल पुण्याचा, छापलेलं खरं असतं असं त्याला वाटायचं.

"अरे, दीडला अक्षता पडल्या तरी डोक्यावरून पाणी," रेश्मा म्हणाली.

आजवर खाल्लेल्या सगळ्या लग्नांच्या जेवणावरून काढलेला तो हिशेब होता. हिशेबात धरायचा राहिला तो सासरा.

आष्ट्याचे लालासाहेब, निवृत्त सुभेदार. त्यांच्या मनगटावर फौजेतलं किल्लीचं घड्याळ असायचं आणि रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांआधी वाजणाऱ्या पिप-पिपवर ते जुळवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. आष्ट्याच्या स्टँडवर एसटी उशिरा आली की कंडक्टर आधी लालासाहेब उभे आहेत का ते बघायचा. अशा माणसानं एकुलत्या एका पोराच्या लग्नात काय करावं? जे या भागात आजवर कुणी केलं नाही ते त्यांनी करायचं ठरवलं. लग्न वेळेवर लावायचं.

बारा वाजायच्या सुमारास भामाआत्या धापा टाकत नवरीच्या खोलीत आली. रेश्मा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, रुखवताच्या करंज्या बाजूला सारून लॅपटॉप उघडत होती.

"आगं ए, उरक! व्याह्यांनी नानासोंच्या हातातनं माईक काढून घेतला. फेटे गेटवरच बांधलं, भाषणं रद. सव्वाबाराला मंगलाष्टका म्हंत्यात!"

नानासो म्हणजे रेश्माचे चुलते. लग्नात ते माईकवर उभे राहिले की आचारी भात उशिरा टाकायचे, एवढी त्यांच्या भाषणाची ख्याती. सगळं गाव त्यांच्या भाषणाला कंटाळलेलं, पण आज रेश्माला त्यांच्याइतकं प्रिय कुणी नव्हतं.

"आत्या, नानांना सांग, कायबी करून बोला म्हणावं."

आत्या गेली आणि तशीच परत आली. "उठलं हुतं गं. व्याह्यांनी नुसतं बघितलं, बसलं खाली."

एकीकडं चिमणी, रेश्माच्या तीन वर्षांची मेहनत. दुसरीकडं बोहल्यावर उभा राहिलेला ऋषिराज. आष्ट्यात ठिबकचं दुकान चालवणारा ऋषिराज रोज फोनवर पहिल्यांदा विचारायचा, "चिमणी बोलली का आज?" दोन्ही घरांत असं विचारणारा तो एकटाच. त्याला बोहल्यावर ताटकळत ठेवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तेवढ्यात दाराशी बूट वाजले. लालासाहेब स्वतः आले होते.

"काय चाललंय? नवरदेव पोझिशनला हाय, भटजी हाय, नवरी कुठंय? मुलीकडचं म्हणजे उशीर, हे आमी ऐकून हुतो!"

रेश्माच्या तोंडात 'चक्कर आली', 'पोट दुखतंय' अशी दोन-तीन खोटी उत्तरं तयार होती. पण त्या मनगटाकडं पाहून ती खरं तेच बोलली.

"आबा, माझं सॅटेलाइट बारा वीसला येतंय. आठ मिनिटं असतंय. आज बोलले न्हाई तर कायमचं जातंय."

"बारा वीसला म्हंजे? वीसलाच?"

"वीसलाच. एक सेकंद इकडंतिकडं न्हाई."

लालासाहेब जरा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या भावकीत असं टायमाचं पक्कं कोन न्हाई. झालंय काय त्याला?"

"त्याचं घड्याळ मागं पडलंय, आबा. माझ्याच हातनं चूक झालीया. तेच जुळवायचंय."

लालासाहेबांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि ते वळले. रेश्माला वाटलं, संपलं. मोडलं आपलं लग्न.

बाहेरून माईकची खरखर ऐकू आली. "नानासो, या. बोला. पण मी हात वर केला की बंद."

नानासोंचा आवाज आनंदानं फुटला. "सन्माननीय व्यासपीठ..." मांडवातून एक मोठा उसासा निघाला आणि स्वयंपाकघरात कुणीतरी भाताखालचा गॅस बारीक केला.

"आली," फोनवर मुकुल म्हणाला.

रेश्मानं पहिली आज्ञा पाठवली. हिरवा चुडा कीबोर्डवर खळखळत होता. उत्तर आलं, अर्धवट आणि तुटक. तिनं ते वाचलं, दुसरी पाठवली. बाहेर नानासो कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोचले होते. उत्तर नाही. तिनं पुन्हा पाठवली. संगमावरून नानासो दोन्ही घराण्यांच्या मनोमीलनाकडं वळले. तिला आयुष्यात कुणाचं भाषण संपू नये असं पहिल्यांदाच वाटत होतं.

मग पडद्यावर एक ओळ उमटली. चिमणीनं वेळ सांगितली होती, बरोबर वेळ. मुकुल फोनवर ओरडला आणि रेश्मा शालूच्या पदरात तोंड घालून रडली. भामाआत्याला वाटलं, पोरीला माहेर सुटायचं दुःख झालं, म्हणून तीही रडली.

लालासाहेब दाराबाहेरच उभे होते. "जुळलं?"

"जुळलं, आबा."

त्यांनी हात वर केला. नानासो वाक्याच्या मधोमध थांबले, हे पुन्हा कधी घडलं नाही. लालासाहेबांनी माईक घेतला. "मंडळी, आजच्या लग्नाला एकच पाव्हनी टायमावर आली. लय लांबनं आली, जेवायला थांबली न्हाई. तिचा सत्कार करायचा ऱ्हायलाय."

नानासो नारळ हातात घेऊन गोंधळले. वर बघावं की खाली, त्यांना कळेना. "व्याही, हा द्यायचा कुणाकडं?"

"नवरीकडं द्या. तिच्या माहेरचं माणूस हाय त्ये."

रेश्मानं बोहल्यावर येऊन नारळ ओटीत घेतला. अंतरपाटाच्या वरून ऋषिराजनं भुवया उडवून विचारलं आणि तिनं मान हलवली. तो एवढा मोठा हसला की फोटोग्राफरनं त्याला गंभीर व्हायला सांगितलं.

भटजी मात्र घुटमळत होते. "सुभेदारसाहेब, बारा सत्तावीसची वेळ टळून गेली हो. आता..."

लालासाहेबांनी मनगट वर धरलं. चाळीस वर्षं ज्यानं रेडिओशिवाय कुणाचं ऐकलं नव्हतं त्या घड्याळाची किल्ली त्यांनी दोन बोटांत धरून बाहेर ओढली, काटा मागं फिरवला आणि घड्याळ भटजींच्या नाकासमोर नेलं.

"वाचा. किती वाजल्यात?"

भटजींनी घड्याळ वाचलं, सुभेदारांच्या मिशा वाचल्या. "बारा... पंधरा."

"मग? लय टाइम हाय अजून. करा सुरू."